फ्रेंच शिडीची शेवटची पायरी

दुपारी जेवून ओदिरिसचा डोळा लागला की बोट यायची. खरी नव्हे, स्वप्नातली. काळ्या अंगाची, दोन धुराड्यांची फ्रेंच टपालबोट समुद्र सोडून सरळ गॉलच्या किल्ल्यात शिरायची, दीपगृहाला वळसा घालायची आणि कुणाच्या कौलालाही धक्का न लावता त्याच्या गल्लीत येऊन उभी राहायची. वरून शिडी उतरायची. शिडीची शेवटची पायरी अगदी त्याच्या उंबऱ्याला टेकायची. पायरीवर कुणीतरी उभं असायचं. ओदिरिस हात पुढे करायचा, आणि नेमकी तेव्हाच जाग यायची. मग तो उशाशी ठेवलेली पत्र्याची नळी चाचपायचा. आतलं वॉरंट जागच्या जागी असायचं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

ओदिरिस कोर्टाचा पट्टेवाला. उंची बेताची, छातीवर पितळी बिल्ला, केसांच्या बुचड्यात कासवाच्या पाठीचा कंगवा. गावात त्याला खळवाला म्हणत, कारण त्याचं खरं हत्यार म्हणजे तांदळाची खळ. एखाद्या जहाजानं बंदरात काही आगळीक केली, कुणाची होडी चिरडली, खलाशाला मारलं, आणि कोर्टाचा हुकूम निघाला, की ओदिरिस होडीतून जायचा. डोलकाठीला खळ फासायचा, कागद चिकटवायचा आणि वरून खाली एकदा तळहात फिरवायचा. झालं! मालदीवचा बगला असो नाही तर नॉर्वेचं तीन डोलकाठ्यांचं धूड असो, कागद उतरेपर्यंत ते जागचं हलत नसे. बायको होती तोवर खळ तीच शिजवून द्यायची. ती गेली, आई तर कधीच गेली होती, पोरबाळ नव्हतं. खळ आता तो स्वतः शिजवायचा आणि नेमकी करपवायचा.

"मी वाऱ्याला थांबवतो," असं तो दोन घोट ताडी पोटात गेल्यावर म्हणायचा. आम्ही हसायचो. पण ते अगदीच काही खोटं नव्हतं.

एकच बोट त्याच्या खळीला दाद देत नव्हती, ती म्हणजे फ्रेंच टपालबोट. पहिल्यांदा तिच्यावर जायची वेळ आली तेव्हा कोर्टातल्या कारकूनसाहेबांनी त्याला समोर उभं करून समजावलं होतं.

"ओदिरिस, ती बोट दिसायला बोट आहे. कायद्यानं ती फ्रान्स आहे. राणीच्या सरकारनं लिहून दिलंय, फ्रान्सची टपालबोट आपल्या कुठल्याही बंदरात आली तरी तिला लढाऊ जहाजाचा मान. तिला अडवायचं नाही, तिच्यावर कागद लावायचा नाही, तिच्यावरच्या माणसाला हात लावायचा नाही. पत्रं कुणासाठी खोळंबत नाहीत."

"बरं साहेब. आणि तिची शिडी?"

"शिडीसुद्धा फ्रान्स."

"शिडीची शेवटची पायरी? तिला तर आपलं पाणी लागतं."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. जाडजूड पुस्तक काढलं, अर्धा तास चाळलं, घाम पुसला. "पायरी फ्रान्सची," ते म्हणाले, "पाणी आपलं. आता जा बाबा."

हे सगळं उपटलं ते पोडिहामीच्या जुवानिसपायी. पोडिहामी मागल्लेच्या किनाऱ्यावरची विधवा, आणि जुवानिस तिचा एकुलता एक. बावीस वर्षांचा, नाकावर राग. होडी वाळूत कुठं ओढायची यावरून गावच्या मुखियाच्या भावाशी त्याची जुंपली. खरं तर जागा जुवानिसचीच होती, त्याच्या बापाची होडी तिथंच लागायची. पण यानं तोंडानं भांडावं की नाही? यानं वल्हं हाणलं. त्या माणसाचं खांद्याचं हाड मोडलं. दिवसाउजेडी, शंभर माणसांसमोर. जुवानिसनं वल्हं टाकलं, समुद्रात उडी मारली आणि पोहत समोर उभ्या फ्रेंच बोटीवर कोळशाच्या टोपल्यांतून चढला. पोलीस मागोमाग गेले, तर फ्रेंच कप्तानानं शिडीच्या तोंडाशी उभं राहून त्यांना आपला कागद दाखवला आणि अदबीनं परत पाठवलं. भट्टीवर कोळसा ओढायला त्याला माणूस हवाच होता.

तेव्हापासून जुवानिस फ्रान्समध्ये राहतो. म्हणजे त्या बोटीवर. मार्सेलहून सायगॉनला, सायगॉनहून मार्सेलला. दर तीन महिन्यांनी बोट कोळसा घ्यायला गॉलला थांबते, आणि आईच्या घरचा माड दिसेल इतक्या जवळ तो कठड्याला टेकून उभा असतो. खाली पाऊल टाकलं की पकडला. वर आहे तोवर राणीचीही पोच नाही.

वॉरंट ओदिरिसकडे आलं. बोट आली की तिच्याभोवती होडीतून फिरायचं आणि माणूस खाली उतरला तर पकडायचं, असा हुकूम. कोर्ट होडीचं अर्धंच भाडं द्यायचं. आणि पोडिहामीलाही बोटीशी जायला होडी लागायचीच. तेव्हा बारोंची नावाड्यानं दोघांना एकाच होडीत बसवलं. मागच्या बाजूला पोराला पकडणारा, पुढच्या बाजूला पोराची आई, मध्ये दूधभाताची पानं आणि भेर्ली माडाचा गूळ. बोटीखाली पोचलं की जुवानिस वरून दोर सोडायचा, पोडिहामी टोपली बांधायची. टोपली वर जायची, रिकामी खाली यायची. कधी तिच्यात परदेशी साबण असायचा, कधी एखादं संत्रं.

पहिल्याच खेपेला जुवानिस शिडी उतरायला लागला होता. आठ पायऱ्या उतरला, नऊ उतरला. ओदिरिस होडीत उठून उभा राहिला. आईच्या डोळ्यांदेखत पोराला बेड्या घालायच्या? त्यानं नळी उंच धरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "जुवानिस! मी कोर्टाचा माणूस! वॉरंट घेऊन आलोय!" जुवानिस थबकला. परत वर गेला. पोडिहामी पदराच्या टोकानं डोळे टिपत राहिली. ओदिरिसला वाटलं, बाईचे हे आनंदाचे अश्रू. आपण बिल्ला छातीवर ठेवून माणुसकी राखली, असं त्याला मनातून वाटलं, आणि तो स्वतःवर खूष झाला.

पुढं दर खेपेला तो असाच ओरडला. चाळीस वेळा तरी ओरडला असेल. पोडिहामी दर वेळी मान खाली घालून बसायची आणि परतीच्या वाटेवर त्याला विडा द्यायची. सत्तरीला आली ती, डोळ्यांत मोतीबिंदू आला. "मल्ली," ती विचारायची, धाकट्या भावाला हाक मारतात तशी, "आला का रे तो कठड्यापाशी? मला नुसता ढग दिसतो."

"आलाय आक्का. निळा सदरा आहे. हात हलवतोय."

"वाळलाय का?"

"छे! फ्रान्सचा पाव खाऊन गाल वर आलेत."

खरं म्हणजे जुवानिस काळवंडला होता, कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. पण हे सांगायची काय गरज?

अशी वर्षं गेली. कशी गेली ते विचारू नका. गॉलमध्ये वर्षं जातात ती अशीच. सकाळी रुमस्सलाच्या टेकडीमागं धूर दिसतो, निशाणकाठीवर निशाण चढतं, दुपारी बोट निघते, आणि पाणी पुन्हा असं सपाट होतं की इथं काही येऊन गेलं यावर विश्वास बसू नये.

मग बातमी आली. कोलंबोला समुद्रात मोठी भिंत घातली होती, नवं बंदर तयार होतं. टपालबोटी आता तिकडेच थांबणार. फ्रेंच बोटीची गॉलची शेवटची खेप चैत्रात, ऐन नव्या वर्षाच्या दिवसांत.

ओदिरिस हे सांगायला मागल्लेला गेला तेव्हा पोडिहामी अंगणात ज्योतिष्यानं दिलेला कागद शेजारणीकडून वाचून घेत होती. आमच्याकडे नवं वर्ष लागलं की घरातलं वडील माणूस धाकट्यांच्या डोक्याला तेल लावतं. तेही मुहूर्त गाठून. डोक्यावर कुठला पाला, पायाखाली कुठला, तोंड कुठल्या दिशेला, सगळं पंचांगात दिलेलं असतं. ज्याच्या डोक्याला तेल लागलं नाही त्याचं वर्ष उपाशी गेलं असं समजतात. जुवानिसची अकरा वर्षं उपाशी गेली होती. ओदिरिसचीही, पण ते कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

"बोट त्याच दिवशी येतेय आक्का. सकाळी."

पोडिहामीनं कागदाची घडी घालून कनवटीला खोचली. मग म्हणाली, "कोलंबो किती लांब?"

"बैलगाडीनं तीन दिवस."

"माझ्यानं व्हायचं नाही. म्हणजे हीच वेळ. मल्ली, त्याला खाली शेवटच्या पायरीपर्यंत येऊ दे. तेवढं तेल लावू दे मला. तू ओरडू नकोस."

"पायरी फ्रान्सचीच आहे," ओदिरिस म्हणाला. "तिथपर्यंत माझी काही हरकत नाही."

तेल लावायच्या दिवशी सकाळी समुद्रावर धुकं होतं, दुधात पाणी घालावं तसं पातळ. बारोंचीनं होडी पाण्यात लोटली, तोल राखायला कडेला बांधलेल्या उलांडीच्या ओंडक्यासकट. पोडिहामी नवं पांढरं नेसून आली होती. एका हातात तेलाची करवंटी, काखेत कडुनिंबाचा आणि सावरीचा पाला, आणि डोक्यावर सूप. सुपात माती.

"हे काय आक्का?" ओदिरिसनं विचारलं. "परडं लावायचंय का बोटीवर?"

"अंगणातली आहे. पहाटे खणली. लोखंडावर उभं राहून का कुणी तेल लावून घेतं? पाय घरच्या मातीवर हवेत."

"पंचांगात पाला लिहिलाय, माती नाही."

"पंचांग लिहिणाऱ्याचा मुलगा घरात होता," पोडिहामी फणकारली. "आ कर."

त्यानं आ केला. तिनं भला थोरला विडा त्याच्या तोंडात कोंबला. "आता चघळ. संपेपर्यंत बोलायचं नाही." बारोंची इतका हसला की वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं.

धुक्यातून बोट वर आली तेव्हा ओदिरिसला क्षणभर कळेना की आपण जागे आहोत की ओसरीवर आडवे. तशीच काळी भिंत, तशीच शिडी. पोडिहामीनं मान वर केली आणि हाक मारली. म्हातारीच्या गळ्यात एवढा आवाज कुठून आला देव जाणे. "पुता! खाली ये! तेलाची वेळ होतेय!"

जुवानिस शिडीच्या तोंडाशी आला. पांढऱ्या टोपीच्या फ्रेंच अधिकाऱ्याशी काहीतरी बोलला. मग उतरायला लागला. आठ, नऊ. नवव्या पायरीवर त्यानं थांबून ओदिरिसकडे पाहिलं, सवयीनं. ओदिरिस विडा चघळत राहिला. जुवानिस शेवटच्या पायरीवर आला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मायलेकांत नुसतं वीतभर पाणी उरलं.

पोडिहामीनं सूप त्या रुंद पायरीवर सरकवलं, मातीवर सावरीचा पाला अंथरला. "चढ वर. पूर्वेला तोंड कर. एवढा मोठा झालास, पूर्व कळत नाही?" जुवानिस मातीवर उभा राहिला. मातीला पाय लागताच त्यानं पाल्यातून बोटं आत रुतवली. होडीत उभं राहून, बारोंचीनं कंबर धरलेली, पोडिहामीनं त्याच्या डोक्यावर कडुनिंबाची डहाळी धरली आणि तेल लावलं. टाळूवर, कपाळावर, कानांमागं. तिची बोटं त्याच्या कानशिलांवर थांबली, तिथले राठ केस चाचपले. "पांढरे झाले का रे?" तिनं विचारलं.

मग ती मागं न वळता म्हणाली, "मल्ली, आता धर त्याला."

ओदिरिसनं अख्खा विडा गिळला. "काय?"

"धर म्हणते ना. माझ्या अंगणावर उभा आहे तो. ही माती गॉलची आहे. पकड, तुझं ते वॉरंट काढ, ने तुरुंगात. निदान घरी तरी येईल."

"आक्का, तो पायरीवर आहे! पायरी फ्रान्सची!"

"आणि माती? माती कुणाची? विचार तुझ्या कारकुनाला!"

वरून पांढरी टोपी वाकून बघत होती. ओदिरिसनं वर पाहिलं. इथं हात लावला की कोलंबोपर्यंत तक्रार जाणार, बिल्ला जाणार. "आक्का," तो कसाबसा म्हणाला, "अकरा वर्षं मी तुमच्यासाठीच ओरडत होतो. पोरगं सापडू नये म्हणून."

पोडिहामी आता वळली. ढगाळल्या डोळ्यांनी तिनं तो बसला होता तिथं रोखून पाहिलं. "माझ्यासाठी? अरे मेल्या! तो दर वेळी उतरायला लागायचा आणि तू बोंबलायचास! मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. कुठल्या तोंडानं सांगणार होते, माझ्या पोराला धर म्हणून? कुठली आई असं सांगते?"

"अम्मा," शिडीवरून जुवानिसचा आवाज आला, लहान मुलाचा यावा तसा, "मला वाटायचं तू ह्यांना मुद्दाम आणतेस. मी खाली येऊ नये म्हणून."

"होडीभाडं अर्धं पडायचं म्हणून आणायचे रे!"

पाणी सुपाच्या कडेला हलकेच लागत होतं. बारोंची तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मला वाटलं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

जुवानिसनं ओदिरिसला विचारलं, "किती वर्षं देतील?"

"ज्याला मारलंस तो दोन वर्षांमागं तापानं गेला. मुखियाही बदलला. वर्षं कसली, तीन महिने. फार तर सहा."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? इथंच, किल्ल्यात. तुझी आई चालत येईल एवढ्यावर." ओदिरिसनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "पण मी तुला बोलावू शकत नाही रे. हात लावू शकत नाही. बोलावलं तरी ते ओढून आणल्यात जमा. मला फक्त इथं बसून राहायची मुभा आहे."

एवढं बोलून तो बाकावर सरकला. अगदी कडेला, उलांडीच्या बाजूला, एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. आणि समुद्राकडे बघत राहिला.

सगळ्यांत आधी सूप आलं. जुवानिसनं ते दोन्ही हातांनी उचललं, अंगणातली माती सांडू नये म्हणून छातीशी धरलं, आणि फ्रान्समधून एक पाय उचलून होडीत ठेवला. मग दुसरा. होडी कलली. बारोंचीनं शिवी हासडली आणि उलांडीवर भार टाकला. जुवानिस बाकावर बसला, सूप मांडीवर. पोडिहामीनं पुढं वाकून त्याचे पाय धरले, दोन्ही, घट्ट, जणू समुद्र तिच्या हातून ते परत मागणार होता.

ओदिरिसनं नळीचं झाकण काढलं. काय म्हणायचं ते त्यानं अकरा वर्षं घोकलं होतं. राणीसाहेबांच्या नावानं, अमुक कलमाखाली, तुला ताब्यात घेत आहे. स्वप्नातसुद्धा घोकलं होतं. त्यानं जुवानिसच्या मानेवर हात ठेवला. हात तेलानं माखला. एकही शब्द आठवेना.

"चल," तो म्हणाला, "घरी जाऊ."

दुपारी बोट सुटली. आम्ही सगळे तटावर उभे होतो. ती टेकडीमागं गेली, धूर थोडा वेळ राहिला, मग तोही नाही. फ्रेंच टपालबोट पुन्हा गॉलला आली नाही.

जुवानिसला तीन महिने झाले. पोडिहामी रोज भाताचं पान घेऊन किल्ल्यात यायची, ओदिरिस तिला हात धरून दारापर्यंत न्यायचा. सुटल्यावर जुवानिसनं बापाची होडी पुन्हा त्याच जागी वाळूत ओढली, आणि या वेळी कुणी भांडलं नाही.

पुढच्या नव्या वर्षी तेलाच्या मुहूर्ताला ओदिरिस मागल्लेला गेला होता, सहज, नव्या वर्षाचं तळलेलं गोड कवुम खायला. जुवानिसच्या डोक्याला तेल लागलं. पाला तसाच जमिनीवर होता. करवंटीत थोडं तेल उरलं होतं.

"मल्ली," पोडिहामी हवेत चाचपडत म्हणाली, "कुठं आहेस तू? तुझ्या डोक्याला कोण लावतं?"

"कुणी नाही आक्का."

"मग तिथं कडेला का बसलायस? ये इकडे."

ओदिरिसनं केसांतला कंगवा काढला, पाल्यावर जाऊन उभा राहिला आणि मान खाली घातली.